पत्र्याच्या डब्यांतली गावं

"आदिलाबाद जिल्ह्यात कार्डं लावायला चाललेय," असं मी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"एवढ्या लांब? पत्ते खेळायला?"

"पत्ते नव्हेत हो. दवाखान्यातली कार्डं. रोग्यांची."

"रोग्याला औषध लावतात. कार्डांना काय लावायचं?"

त्यांचं काही चुकत नव्हतं. नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षांत मी जे काम करत होते त्याला नावच नव्हतं. शिक्षण ग्रंथालयशास्त्राचं. ऐंशीच्या दशकात नाशिकच्या एका कॉलेजात लाकडी खणांमधून पुस्तकांची कार्डं लावत बसायचे. मग वर्गमित्र प्रदीपनं संगणकाची छोटी कंपनी काढली. त्याच्याकडे प्रोग्रॅम लिहिणारे तिघं होते, पण पडद्यावर आधी काय विचारायचं, मग काय, कशाच्या पोटात काय ठेवायचं, हे ठरवणारं कुणी नव्हतं. "तुला सामान लावता येतं, तू ये," असं म्हणून त्यानं मला घेतलं. आता, हे लिहिताना, त्या कामाला नाव मिळालंय म्हणे. अमेरिकेतल्या भाच्यानं ई-मेलनं कळवलं की तिकडे ह्याला 'इन्फर्मेशन आर्किटेक्ट' म्हणतात, म्हणजे माहितीचा वास्तुरचनाकार. मी आनंदानं सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आधी मागच्या पडवीचा गळका पत्रा बघ."

तर उटनूरच्या बाजूला, जंगलपट्ट्यात, एका विश्वस्त संस्थेचा छोटा दवाखाना होता. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, का ते पुढे कळेल. त्यांना कुणीतरी संगणक देणगी देणार होतं. तो यायच्या आधी तिथली कार्डं नीट लावून ठेवायची आणि पडद्यावर काय असावं ते कागदावर काढून आणायचं, एवढं माझं काम. प्रदीप म्हणाला, "आठवड्यात होईल." मी तीन आठवडे राहिले.

आदिलाबाद, आणि चुकून गुडीहत्नूर

किनवटवरून आगगाडीनं आदिलाबादला उतरले तेव्हा हिवाळ्याची सकाळ होती आणि थंडी नाशिकला लाजवेल अशी. बसस्टँडवर सगळ्या पाट्या तेलुगूत. अक्षरं दिसायला फार सुरेख, गोल, गुबगुबीत, पण एकही माझ्याशी बोलायला तयार नाही. आयुष्यभर इतरांना वाट दाखवण्याचं काम केलेली मी एका पाटीखाली दहा मिनिटं तोंड वर करून उभी होते.

"कुठं जाऊन राह्यल्या बाई?" मागून आवाज आला. पांढरा पटका, खांद्यावर घोंगडी, सीमेवरच्या कुठल्याशा गावचे कापूसवाले शेतकरी असावेत. मराठी ऐकून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

"उटनूरला जायचंय."

"मंग इथं काऊन उभ्या? इथं हैद्राबादची लागते."

"पाटी वाचायचा प्रयत्न करत होते."

"पाटी कायले वाचता? पाटीवर काई बसाचं हाये का तुमाले? त्या टोपल्यावाल्या बाया दिसून राह्यल्या ना, त्यायच्या मागं उभ्या राहा. त्या चढल्या का चढजा."

इतकी सोपी सूचना मला आजवर कुठल्याच पुस्तकात मिळाली नव्हती. मी बायांच्या मागे उभी राहिले, त्या चढल्या तशी चढले, आणि समाधानानं बाहेर कापसाची पांढरी शेतं बघत बसले. मावला गाव मागे गेलं, हमरस्ता लागला. तासाभरात बाया उतरल्या. मीही उतरले. बस निघून गेली. ते गुडीहत्नूर होतं.

त्या बाया तिथे टोपल्या विकायला आल्या होत्या. पटकेवाल्या काकांनी त्यांच्या मागे चढायला सांगितलं होतं, उतरायला नव्हे. माझी फजिती कळल्यावर त्यातल्या एकीला इतकं हसू आलं की तिनं टोपली खाली ठेवून पोट धरलं. मग मला हॉटेलात नेऊन बसवलं. हॉटेल म्हणजे चार खांब आणि एक कढई. तिथली मिरचीची भजी मी जन्मात विसरणार नाही. आमच्याकडे मिरची बेसनात बुडवतात ती जरा दबकत. इथली मिरची पोट फाडून, आत चिंच-ओव्याचा मसाला भरून, राजरोस येते. पुढची बस यायला दोन तास होते. मी चार खाल्ल्या, आणि उटनूरपर्यंत तोंडातून वारा घेत गेले.

दवाखाना

गुडीहत्नूरनंतर रस्ता हमरस्त्याला सोडतो आणि सागाचं रान सुरू होतं. उटनूरच्या पुढे जीपनं जायचं. दवाखाना कौलारू, पुढे ओटा, ओट्यावर रोगी, त्यांचे नातेवाईक, नातेवाइकांची कुत्री आणि एक बांधलेला बोकड. बोकडाचं काय काम ते शेवटपर्यंत कळलं नाही.

डॉक्टर प्रभाकरराव तेलुगू, बोलणं दक्खनी हिंदीत. संस्थेचे कार्यवाह विठ्ठलराव तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. मराठी माणूस, पण नोकरीतली निजामी उर्दू अंगात मुरलेली. फाईलला ते 'मिसल' म्हणत आणि सगळ्या गोष्टींची 'तामील' करायला लावत. "मॅडम, सगळं दफ्तर आडनावाप्रमाणं अक्षरवार लागलं पाहिजे," त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. "आत्ता तिथं काही शिस्त नाही."

मग त्यांनी मला शेवंताबाईंच्या हवाली केलं.

शेवंताबाई नगराळे पन्नाशीच्या, काटक, डोक्यावर पदर घट्ट. तरुणपणी दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायला जात. नवरा शाळेत शिपाई होता, तो गेल्यावर त्या इथे झाडलोटीला लागल्या. मोठा मुलगा शिकून मावल्याला मास्तर झाला होता. दवाखान्याच्या हजेरीपटावर त्या अजूनही 'झाडूवाली'च होत्या. पण एका डॉक्टरनं कधीतरी "ही कार्डं जरा सांभाळा" म्हटलं, तेव्हापासून दहा-बारा वर्षं कार्डं त्याच सांभाळत होत्या. मी राहायलाही त्यांच्याच घरी होते. शेणानं सारवलेलं अंगण, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि सकाळी ज्वारीच्या भाकरीबरोबर हिरव्या तुरीच्या दाण्यांची, म्हणजे सोल्यांची, वांगं घातलेली भाजी. मी तिसरी भाकरी नको म्हटलं की त्या म्हणायच्या, "शहरातल्या बाया पोटाले का पोस्टाचं पाकीट समजता?"

कार्डांसाठी कपाट नव्हतं. किराणा दुकानात सुटी बिस्किटं येतात तसे सात मोठे चौकोनी पत्र्याचे डबे. प्रत्येकावर गेरूनं काढलेलं चित्र: झाड, लाटा, चाक, बैल असं काहीबाही. आत औषधांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून कप्पे.

रोगी आला की शेवंताबाई नाव विचारायच्याच नाहीत. त्या विचारायच्या, "कोन्त्या वाटेनं आले?"

"नाल्याच्या."

मग लाटांचा डबा. "घरापुढं काय हाये?"

"चिंच."

आणि कार्ड हातात. मी घड्याळ लावून पाहिलं. मला कॉलेजात पुस्तक काढायला त्याच्या तिप्पट वेळ लागायचा.

हे पाहूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मला ते गमतीचं वाटलं. गोड वाटलं म्हणा ना. पण शास्त्र वेगळं, गोडवा वेगळा, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. शिवाय विठ्ठलरावांचा हुकूम होता. दुसऱ्या दिवशी मी चटई अंथरली आणि डबे उपडे करायला घेतले.

"म्याडम," शेवंताबाई म्हणाल्या, "डब्यातून काढले त सांडून जातीन ना."

"नाही सांडणार. हळू काढते मी."

त्यांनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "तुमी शिकलेल्या. तुमी म्हणता तसं." आणि मला कार्डं हातात द्यायला बसल्या.

दोन दिवस आम्ही आडनावं लावली. आत्राम, कुमरा, तोडसम, पेंदोर, मडावी, मेश्राम. एका कंपाउंडरनं तेलुगूत लिहिलेलं, दुसऱ्यानं मराठीत, जुन्या डॉक्टरांनी इंग्रजीत. सगळी नावं मी मराठीत लिहून, अक्षरवार लावून, डब्यांवर नवी चिठ्ठ्यांची पट्टी चिकटवली. विठ्ठलराव येऊन बघून गेले. "आता दफ्तर वाटतं," म्हणाले. मी त्या रात्री फार गाढ झोपले.

बाजाराचा दिवस

त्याच्या दुसऱ्याच दिवशी उटनूरचा बाजार. शेवंताबाई सुटी घेऊन पिशवी काखेत मारून गेल्या. अकराच्या सुमाराला ओट्यापुढे बैलगाडी येऊन थांबली. गाडीत गवतावर एक बाई, पाय सुजून भोपळा झालेला, अंग तापानं भाजत असलेलं, शुद्ध अर्धी. बरोबर शेजारच्या दोन बाया. नवरा कापूस घेऊन आदिलाबादला गेलेला.

"नाव?" मी विचारलं. माझ्या नव्या पद्धतीचा पहिला खरा रोगी.

"जंगूबाई मडावी."

मी 'म'चा डबा उघडला. जंगूबाई मडावी अकरा होत्या.

डॉक्टर त्या बाईचा पाय धुवून, सलाईन लावून आले. "कार्ड?" त्यांनी हात पुढे केला.

"कोणती ते... गाव सांगा हो," मी शेजारणींना म्हटलं. त्यांनी गाव सांगितलं. मी अकराही कार्डं उलटीसुलटी केली. नाव होतं, वय होतं, तेही अंदाजानं लिहिलेलं, आजार होता, औषध होतं. गाव एकाही कार्डावर नव्हतं. कसं असेल? डबा म्हणजे वाट, आणि गाव पुठ्ठ्याच्या कप्प्याला होतं. ते कप्पे मी परवा चुलीत घालायला दिले होते.

शेवंताबाई काय सांडेल म्हणत होत्या ते मला तेव्हा कळलं.

"ये देखो," डॉक्टर म्हणाले. अकरांतल्या दोन कार्डांच्या कोपऱ्यात लाल दोरा शिवलेला होता. "लाल दोरा मतलब, इसको ये सुई कभी नहीं देना. दम घुटता है. जान जा सकती है. और मेरे पास आज यही सुई है. दुसरी दवा खतम."

"मग द्यायचीच नाही ना?"

"नौ को दे सकते हैं. उसमें से ये एक हुई, तो अभी दिया तो अच्छा. देर किया तो जहर ऊपर चढेगा." ते माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. "जीप भेजता हूँ. उटनूर में दवा देखेगा, और शेवंताबाई को लाएगा."

जीप जाऊन यायला दीड तास लागला. त्या दीड तासात मी जंगूबाईच्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत होते. तिच्या हनुवटीवर गोंदण होतं, तीन ठिपके. मध्येच डोळे उघडून ती मला काहीतरी म्हणाली. मला भाषा कळली नाही. शेजारीण म्हणाली, "म्हून राह्यली, बैलाले पानी पाजा."

जीप आली. औषध उटनूरच्या दुकानांत मिळालं नव्हतं. शेवंताबाई मिळाल्या होत्या, पिशवीतून वांग्यांची देठं बाहेर डोकावत होती. मी अकरा कार्डं त्यांच्यापुढे धरली. त्यांनी कार्डांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या आधी जंगूबाईकडे गेल्या, तोंडावरून हात फिरवला, मग शेजारणीला विचारलं, "गाडी नाल्यातून आनली का वरून?"

"नाल्यातून."

"व माय! ही त चिंचेवाली जंगू." आता त्यांनी कार्डं घेतली, अंगठ्यानं भराभरा सारली आणि एक बाहेर काढलं. मागच्या बाजूला हळदीचा पिवळा डाग होता. "बाळंतपनात आली तवा हळदीच्या हातानंच धरलं होतं कार्ड. हे तिचंच."

कोपऱ्यात लाल दोरा होता.

डॉक्टरांनी भरलेली सुई खाली ठेवली. मग सगळे एकदम हलले. जंगूबाईला जीपमध्ये मागच्या बाकावर निजवलं, डोकं शेवंताबाईंच्या मांडीवर. सलाईनची बाटली माझ्या हातात आली. डॉक्टर पुढे.

आदिलाबादपर्यंतचा तो रस्ता मी येताना डोळे भरून पाहिला होता. आता त्यातला फक्त खड्डा न् खड्डा मोजला. हात वर धरून धरून खांदा निखळायला आला. हात बदलू म्हटलं तर जीप वळायची. पिशवी उलटून वांगी जीपभर गडगडत होती, आणि प्रत्येक वळणाला एखादं येऊन माझ्या पावलावर आदळायचं. शेवंताबाई जंगूबाईला हाका मारत होत्या, "जंगू, झोपू नको व. चिंचेखाली कोन बसलं हाये सांग मले. तुई सासू बसली का?" आणि जंगूबाई तापातच सासूबद्दल काहीतरी पुटपुटायची. ते कौतुकाचं नव्हतं एवढं मला सुरावरून कळलं.

आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात दुसरं औषध लगेच मिळालं. दिवस मावळता मावळता तिथल्या डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या की आता भिण्यासारखं नाही. आमचे डॉक्टर बाकावर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

आम्ही दोघी मुक्कामाला मावल्याला, शेवंताबाईंच्या मास्तर मुलाकडे गेलो. सुनेनं वरण-भात आणि अंबाडीची भाजी वाढली. मी भातावर नुसती बोटं फिरवत होते.

"बाई, तुम्ही मला ओरडत का नाही?" मी शेवटी विचारलं.

"कायले?"

"कार्डावर गावच नव्हतं. मला आधीच सांगायला हवं होतंत."

"गाव डब्यावर होतं ना म्याडम. मंग कार्डावर कायले लिहू?" त्यांना खरंच प्रश्न पडला होता. मग ताटात भाजी वाढत म्हणाल्या, "आता लिहू. दोघी मिळून लिहू. खा."

त्या दिवसापासून त्यांनी मला म्याडम म्हणणं सोडलं. मी सुनंदा झाले.

नाल्याची वाट, मोहाची वाट

पुढचे दोन आठवडे मी जे केलं त्याला माहितीची वास्तुरचना म्हणायचं तर पायात चपला घालून करायची वास्तुरचना होती ती. सकाळी ओट्यावर जो येईल त्याला विचारून कार्ड ओळखायचं. दुपारनंतर राहिलेली कार्डं पिशवीत घालून शेवंताबाईंबरोबर एकेक वाट धरायची. प्रत्येक कार्डावर आता तीन गोष्टी लिहायच्या: वाट, गाव, घराची खूण. नाव त्यांच्या खाली.

आमच्याकडे पाहुण्याला आधी "नाव काय, गाव कुठलं" विचारतात. इथे आधी पाणी, मग बाज, मग "जेवले का?" आणि नाव निघायच्या वेळेला. एका गोंड घरात तर आम्ही ज्वारीचा हुरडा खाऊन, म्हशीची विचारपूस करून उठलो, आणि अर्ध्या वाटेवर लक्षात आलं की ज्या कार्डासाठी आलो ते विचारलंच नाही.

मोहाच्या वाटेवर सोनेराव आत्राम नावाच्या म्हाताऱ्याचं घर होतं. त्या नावाचं एक कार्ड आमच्या हातात होतं आणि त्यावर इंग्रजीत 'मयत' अशा अर्थाचा शेरा होता. दारात बाजेवर एक म्हातारा तुराटीची टोपली विणत बसला होता.

"सोनेराव आत्राम कुठे राहत होते?" मी आवाजात शोक आणून विचारलं.

"मीच हाये."

मी शेवंताबाईंकडे पाहिलं. त्यांनी आकाशाकडे पाहिलं.

"काय लिवलं हाये त्याच्यावर?" म्हातारबांनी हात पुढे केला.

"काही नाही. जुनं..."

"वाचा ना बाई. माह्याच नावाचं हाये ना?"

वाचावं लागलं. म्हातारबांनी टोपली खाली ठेवली. "मी मेलो? कवा?"

"चार वर्षं झाली असं दिसतंय."

"च्या मायला! आन् कोनी सांगलं बी नाई." मग घरात तोंड करून ओरडले, "आयकलं का व? मी मेलो हाये, चार वर्सं झाले!" आतून म्हातारीचा आवाज आला, "मंग रोज जेवते कोन?"

मी खाडाखोड करून 'जिवंत' असं लिहिलं. त्यांनी ते अक्षर बोट ठेवून दोनदा दाखवून घेतलं आणि पोचवायला नाल्यापर्यंत आले. वाटेत मात्र गंभीर होऊन म्हणाले, "त्या नावाचा दुसरा मेला असन ना बाई. त्याचं बी पाहा. त्याले कोनी जिवंत ठेवलं असन त लोकं वाट पाहत असतीन." दुसऱ्या दिवशी सागबनाच्या वाटेवर आम्हाला ते घर सापडलं. तिथल्या विधवेला आम्ही कार्ड दाखवलं. तिनं ते हातात घेतलं आणि परत द्यायला बराच वेळ लावला.

जंगूबाई आठव्या दिवशी घरी आली. आम्ही गेलो तेव्हा चिंचेखाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होती, सासू शेजारीच. मला तिनं ओळखलं नाही. ओळखायचं कारणही नव्हतं. शेवंताबाईंनी सांगितल्यावर तिनं मला ओंजळभर शेंगा दिल्या, आणि माझी मान जी खाली गेली ती शेंगा संपेपर्यंत वर आली नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी

विठ्ठलरावांपुढे मी संगणकाच्या पडद्याचा नमुना ठेवला, चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं काढलेला. सगळ्यांत वर: 'कोणत्या वाटेनं आलात?' खाली सात चित्रं.

"हे काय?" ते म्हणाले. "सगळ्या जगात आधी नाव विचारतात."

"सगळ्या जगात अकरा जंगूबाई नसतील."

"आणि हे चालवणार कोण? ऑपरेटर आदिलाबादहून येणार. त्याला चिंच काय, नाला काय! शेवंताबाईचं काम तर आता संपलंच. ती आपली झाडू मारेल."

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी शेवंताबाईंसाठी म्हणून काम करत होते आणि माझ्याच कामानं त्यांचं काम जाणार होतं. मी काही बोलणार तोच दारातून डॉक्टर आत आले. त्यांनी टेबलावर जंगूबाईचं कार्ड ठेवलं, लाल दोरा वर येईल असं. "विठ्ठलराव साब, ऑपरेटर बैठने दो. लेकिन बाजू में शेवंताबाई की कुर्सी नहीं रहेगी, तो मैं भी नहीं रहता."

विठ्ठलरावांनी कार्ड उलटंपालटं केलं. ते वाईट माणूस नव्हते. नियमांत वाढलेले होते. "नियमाप्रमाणं दहावी पास लागतं," ते हळूच म्हणाले.

"नियम आपण लिहिला का?" मी विचारलं.

"मीच लिहिला." त्यांनी मग चष्मा लावला, कागद ओढला आणि म्हणाले, "पदाचं नाव काय लिहू? मॅडम, तुम्ही तरी सांगा. तुमचं नाव काय असतं ह्या कामाला?"

शेवटी त्यांनीच 'दफ्तर सहायक' लिहिलं. शेवंताबाईंना बोलावून वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बसाले खुर्ची देता का? मंग ठीक हाये."

पुढे यंत्रं फार हुशार होतील, असं भाचा लिहितो. म्हणे, त्यांची ती शोधून आणतील, लावावं लागणारच नाही. आणतील बापडी. माझ्या पेशाचं भविष्य काय, हे मला मुळीच कळत नाही. यंत्राला काय विचारायचं हे कुणीतरी ओट्यावर बसून ठरवावं लागेल, एवढाच मला भरवसा आहे, आणि त्या ओट्यावर माझ्याहून शेवंताबाई बऱ्या.

ते त्याच दुपारी पुन्हा दिसलं. बेत पुरा झाला म्हणून मी नमुना त्यांना दाखवत होते. सात वाटा झाल्यावर सगळ्यांत खाली मी एक चौकट काढली होती.

"इथं काय लिवलं?"

"इतर. म्हणजे सात वाटांत न बसणारे. आपल्याकडे ती मूठभर कार्डं उरलीत ना, कुणाचीच ओळख न पटलेली, ती ह्याच्यात."

शेवंताबाईंनी त्या चौकटीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"इतर नोको, सुनंदा."

"का?"

"आमी लहान होतो त शाळेत मास्तर बसवे. हे इकडं, ते तिकडं, आन् इतर भाइर." त्यांनी ते रागानं नाही, बाजाराचा हिशेब सांगावा तसं सांगितलं. "आपल्या दारात आला तो इतर कसा? आपल्याले ठाऊक नाई, हे आपलं. त्याचं नाई."

"मग काय लिहू?"

बाहेर ओट्यावर कुणीतरी खोकलं, त्यांनी सवयीनं मान वळवून पाहिलं आणि परत माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लिव, 'विचाराचं हाये.'"

मी 'इतर' खोडून 'विचारायचं आहे' असं लिहिलं. औषधांच्या कपाटाच्या माथ्यावरून एक जास्तीचा डबा काढला, तो पुसला, मूठभर कार्डं त्यात ठेवली. चित्र काय काढायचं ते आम्हाला दोघींनाही सुचलं नाही. डबा कोराच राहिला.

मी परतले. संगणक आला, ऑपरेटर आला, खुर्ची आली. पावसाळा संपता संपता मास्तर मुलाच्या अक्षरात शेवंताबाईंचं पत्र आलं. जंगूबाईच्या थोरल्या लेकीला मुलगी झाली, विठ्ठलरावांचा दमा बरा आहे, बोकड अजून ओट्यावरच आहे. आणि शेवटी, बहुधा त्यांनी सांगितलं तसंच्या तसं उतरवून घेतलेलं: "कोऱ्या डब्यात दोनच कार्डं राह्यले. रोज येनाऱ्याले विचारून राह्यली."